ट्रेझरी बिले, मुदत ठेवी आणि गाठीची पुंजी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

रिझर्व्ह बँकेने २०२५ या एका वर्षात रेपो दर, म्हणजे बँकांना ती ज्या दराने अल्पकाळ कर्ज देते तो दर, साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाच टक्क्यांवर आणला आणि त्यापाठोपाठ बँकांनीही मुदत ठेवींवरील व्याज उतरवले. तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत ट्रेझरी बिलांविषयीची विचारणा बरीच वाढली आहे. आलेल्या पत्रांपैकी ज्यांची उत्तरे इतरांनाही उपयोगी पडतील अशी काही येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि गावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : माझी पाच लाख रुपयांची मुदत ठेव पुढच्या महिन्यात पूर्ण होत आहे. बँक आता देऊ करत असलेला दर पूर्वीपेक्षा बराच कमी आहे. माझा भाचा म्हणतो, की हे पैसे ट्रेझरी बिलांत ठेव. पण त्या बिलांवर व्याजच मिळत नाही असे मी वाचले. मग त्यात फायदा तो कोणता? (एक गृहिणी)

उत्तर : आपण वाचलेत ते खरे आहे आणि आपल्या भाच्याचे म्हणणेही खरे आहे. ट्रेझरी बिल म्हणजे केंद्र सरकारने थोड्या मुदतीसाठी घेतलेले कर्ज. सरकारच्या वतीने रिझर्व्ह बँक ही बिले काढते आणि त्यांच्या मुदती तीनच असतात : ९१ दिवस, १८२ दिवस आणि ३६४ दिवस. बिलावर व्याजाचा दर छापलेला नसतो. ते दर्शनी किमतीपेक्षा कमी पैशांत विकले जाते आणि मुदत संपली की सरकार पूर्ण दर्शनी किंमत परत करते. या दोहोंतील फरक हीच आपली कमाई.

समजा, ९१ दिवसांच्या बिलाची किंमत शंभर रुपयांमागे ९८ रुपये ६५ पैसे ठरली. एक लाख रुपये दर्शनी किमतीची बिले आपल्याला ९८,६५० रुपयांना मिळतील आणि तेरा आठवड्यांनी आपल्या बँक खात्यात एक लाख रुपये जमा होतील. मिळकत झाली १,३५० रुपये. वर्षाच्या हिशेबाने हा परतावा काढायचा तर १,३५० ला ९८,६५० ने भागावे, ३६५ ने गुणावे आणि ९१ ने भागावे. उत्तर साधारण ५.४९ टक्के येते. लिलावाच्या बातमीत जो 'परतावा' छापलेला असतो तो याच रीतीने काढलेला असतो. हा हिशेब एकदा स्वतः कागदावर करून पाहावा, म्हणजे पुढे कोणी 'शंभर टक्के सुरक्षित आणि चढ्या दराचे' असे काही विकायला आले तर त्यालाही हाच प्रश्न विचारता येतो : आज किती द्यायचे, कोणत्या तारखेला किती मिळणार आणि ते देण्याचे बंधन नेमके कोणावर आहे?

आता बँकेशी तुलना. अलीकडच्या काळातील दर पाहिले तर तीन महिन्यांच्या मुदतीत ट्रेझरी बिलाचा परतावा मोठ्या बँकांच्या तितक्याच दिवसांच्या ठेवीपेक्षा सहसा थोडा सरस दिसतो. एक वर्षाच्या मुदतीत मात्र चित्र उलटे होते आणि बँकेची ठेव बहुधा बिलावर मात करते. त्यामुळे 'बिल चांगले की ठेव चांगली' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आपण पत्रात पाच लाखांचा आकडा लिहिलात, ठेव पूर्ण होण्याची वेळ लिहिलीत, पण हे पैसे पुन्हा कधी लागणार आहेत ते लिहिले नाहीत. माझ्या मते तीच माहिती सर्वांत महत्त्वाची आहे. तीन-चार महिन्यांनी एखादा ठरलेला खर्च असेल तर ९१ दिवसांचे बिल घ्यावे. वर्षभर या रकमेला हात लावायचा नसेल तर चांगल्या बँकेची एक वर्षाची ठेव ठेवावी आणि दरातील उतार पाहून मन खट्टू करून घेऊ नये. पाच-सहा वर्षे पैसे लागणारच नसतील, तर यांपैकी कोणताही पर्याय योग्य नाही. तेव्हा दीर्घ मुदतीच्या साधनांचा विचार करावा, ज्याविषयी पुढच्या उत्तरांत लिहिले आहे.

प्रश्न : माझे छोटे दुकान आहे, डिमॅट खाते नाही आणि ते उघडण्याची इच्छाही नाही. सरकारी बिले थेट सरकारकडून विकत घेता येतात असे ऐकले. लिलावात बोली लावावी लागते म्हणतात. किमतीचे ज्ञान नसलेल्या माणसाने त्यात उतरावे का?

उत्तर : जरूर उतरावे. भारतात ट्रेझरी बिले निघू लागली ती १९१७ साली, पहिल्या महायुद्धाच्या काळात. त्यानंतर कित्येक दशके हा व्यवहार बँका, विमा कंपन्या आणि मोठ्या संस्था यांच्यापुरताच राहिला. सामान्य बचतदारासाठी दार खऱ्या अर्थाने उघडले ते १२ नोव्हेंबर २०२१ रोजी, 'आरबीआय रिटेल डायरेक्ट' ही योजना सुरू झाली तेव्हा. त्यात रिझर्व्ह बँकेकडेच आपल्या नावाचे रोखे-खाते उघडले जाते. त्यासाठी पॅन, बचत खाते, ओळख आणि पत्ता यांचा अधिकृत पुरावा, मोबाइल क्रमांक आणि ई-मेल एवढे पुरते. डिमॅट लागत नाही. खाते उघडण्याचे किंवा बोली लावण्याचे शुल्क रिझर्व्ह बँक घेत नाही. मे २०२४ पासून मोबाइल ॲपही उपलब्ध आहे. कमीत कमी दहा हजार रुपये दर्शनी किमतीची आणि पुढे दहा हजारांच्या पटीत बिले घेता येतात.

लिलावाची धास्ती मात्र मनातून काढून टाकावी. लिलाव साधारणपणे दर बुधवारी होतो. सुट्टी आली तर दिवस बदलतो आणि तिमाहीचे वेळापत्रक रिझर्व्ह बँक आधीच जाहीर करते. बँका आणि प्रायमरी डीलर, म्हणजे सरकारी रोख्यांचे अधिकृत व्यापारी, आपापली किंमत सांगून स्पर्धात्मक बोली लावतात. आपण अस्पर्धात्मक बोली लावायची, जिला संकेतस्थळावर 'नॉन-कॉम्पिटिटिव्ह' म्हटलेले असते. त्यात किंमत सांगायचीच नसते, फक्त किती रुपयांची बिले हवीत ते सांगायचे. मोठ्या संस्थांच्या यशस्वी बोलींची जी भारित सरासरी किंमत निघते (म्हणजे मोठ्या रकमेच्या बोलीला जास्त वजन देऊन काढलेली सरासरी), त्याच किमतीला आपल्याला बिले मिळतात. बाजाराचा रोज अभ्यास करणाऱ्यांनी लावलेल्या किमतींची ही सरासरी असल्यामुळे, किमतीचे ज्ञान नसलेल्या माणसाचे यात नुकसान होत नाही. लहान बचतदारासाठी याहून न्याय्य व्यवस्था कल्पिणे अवघड आहे, असे मला मनापासून वाटते.

पैसे बोली लावतानाच, ठरलेल्या वेळेच्या आत, यूपीआयने किंवा नेट बँकिंगने भरावे लागतात. अंतिम किंमत तेव्हा माहीत नसल्यामुळे अंदाजाने थोडी जास्त रक्कम घेतली जाते आणि लिलावानंतर उरलेली परत मिळते. त्यामुळे खात्यातून गेलेला आकडा आणि बिलाची किंमत यांत तफावत दिसली तर घाबरू नये. व्यवहार दुसऱ्या दिवशी, म्हणजे सामान्यतः गुरुवारी, पूर्ण होतो आणि बिले आपल्या खात्यात दिसू लागतात.

येथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ९१, १८२ आणि ३६४ या तिन्ही आकड्यांना सातने पूर्ण भाग जातो, म्हणजे मुदती बरोबर १३, २६ आणि ५२ आठवड्यांच्या आहेत. गुरुवारी घेतलेले बिल गुरुवारीच परत येते. पण नवा लिलाव बुधवारी झालेला असतो. दर वेळी स्वतः बोली लावणाऱ्याचे पैसे त्यामुळे पुढच्या लिलावापर्यंत बचत खात्यात पडून राहतात आणि वर्षात चार वेळा ९१ दिवसांची बिले फिरवली तर हे रिकामे दिवस एकूण मिळकत थोडी खाली ओढतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रेझरी बिलांसाठी आपोआप बोली लावण्याची आणि पुनर्गुंतवणुकीची सोय जाहीर केली. दुकानाच्या धबडग्यात ज्यांना दर आठवड्याला तारीख लक्षात ठेवणे जमत नाही, त्यांनी ती सोय वापरावी.

प्रश्न : मी एकसष्ट वर्षांचा निवृत्त गृहस्थ आहे. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून बेचाळीस लाख रुपये हाती आले आहेत. निवृत्तिवेतन नाही. पुढच्या वर्षभरात घराच्या वरच्या मजल्याचे काम करायचे आहे, त्यासाठी नऊ लाख लागतील. बाकीच्या पैशांवर आम्हा दोघांचा चरितार्थ चालायचा आहे. सरकारची हमी असल्यामुळे सर्व रक्कम ट्रेझरी बिलांत ठेवावी असे मला वाटते. माझ्या मित्राच्या मते मात्र आमच्या ओळखीची पतसंस्था साडेदहा टक्के देत असताना सरकारी बिलांत पैसे घालणे वेडेपणाचे आहे. कोणाचे ऐकावे?

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले, कारण ही आयुष्यभराच्या नोकरीची पुंजी आहे आणि ती पुन्हा मिळवता येणार नाही. आपला आणि आपल्या मित्राचा, दोघांचाही बेत आपण बाजूला ठेवावा अशी माझी विनंती आहे.

आधी पतसंस्थेविषयी. बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे, म्हणजे डीआयसीजीसीचे, संरक्षण असते. प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंत. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा एक लाख होती. सहकारी बँकांनाही हे संरक्षण लागू आहे, एकाच बँकेच्या अनेक शाखांत पैसे विभागले तरी मर्यादा मात्र एकदाच मोजली जाते. सहकारी पतसंस्था ही बँक नव्हे आणि तिच्या ठेवींना हा विमा नाही. अनेक पतसंस्था सचोटीने चालतात, संचालक शेजारचे आणि परिचयाचे असतात, अडीनडीला त्या धावूनही येतात. परंतु कर्जे थकली आणि संस्था अडचणीत आली तर ओळखीचा संचालक आपले पैसे स्वतःच्या खिशातून देऊ शकत नाही. सरकार जेव्हा साडेपाच टक्क्यांच्या आसपास कर्ज उचलते, तेव्हा साडेदहा टक्के देणारी संस्था ते पैसे त्याहूनही चढ्या दराने कोणाला तरी देत असते, आणि तो कर्जदार कोण हे आपल्याला कळत नाही. निवृत्तीच्या पैशांतील एक रुपयाही तेथे ठेवू नये.

आता आपला बेत. ट्रेझरी बिलात मुद्दल बुडण्याची भीती जवळजवळ नाही, याबद्दल आपण बरोबर आहात. तथापि आपल्याला दुसराच धोका आहे आणि तो सरकारी हमीने टळत नाही. बिलाची मुदत संपली की पुढचे बिल त्या दिवशीच्या दराने घ्यावे लागते. मे २०२० मध्ये रेपो दर चार टक्क्यांवर आला आणि पुढची दोन वर्षे तेथेच राहिला. त्या काळात ९१ दिवसांच्या बिलाचा परतावा साडेतीन टक्क्यांच्याही खाली गेला होता. ज्याच्या घरखर्चाचा आधार केवळ बिले आहेत, त्याचे उत्पन्न अशा वेळी बरेच खाली येते, आणि किराणा व औषधे मात्र स्वस्त होत नाहीत. चरितार्थाच्या पैशाला दराची दीर्घ मुदतीची बांधिलकी हवी. ती बिले देत नाहीत.

ती ज्येष्ठ नागरिक बचत योजना देते. साठ वर्षांवरील व्यक्तीला टपाल कार्यालयात किंवा अधिकृत बँकेत हे खाते उघडता येते. कमाल मर्यादा तीस लाख रुपये आहे. मुदत पाच वर्षांची आहे आणि व्याज दर तिमाहीला हातात मिळते. या योजनेचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के करण्यात आला. सरकार प्रत्येक तिमाहीसाठी नव्या खात्यांचा दर जाहीर करते, म्हणून खाते उघडण्याच्या दिवशीचा दर अवश्य पाहावा. एकदा खाते उघडले की पाचही वर्षे तोच दर राहतो, पुढे तो कितीही उतरला तरी आपल्या खात्याला झळ लागत नाही. ८.२ टक्के दराने तीस लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये मिळतात, म्हणजे महिन्याकाठी साडेवीस हजार. घरखर्च त्यात बसतो का, ते आपण दोघांनी वही घेऊन पाहावे. आपल्या पत्नीचे वय साठ असेल तर त्यांच्या नावे वेगळे खाते उघडून तीस लाखांची वेगळी मर्यादा वापरता येते.

या योजनेतील पैसे अडकून पडतात अशी तक्रार काही जण करतात. वस्तुतः मुदतीपूर्वी खाते बंद करता येते. पहिल्या वर्षाच्या आत बंद केले तर व्याज मिळत नाही आणि दिलेले व्याज मुद्दलातून वळते होते. वर्षानंतर मुद्दलाच्या दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर एक टक्का कपात होते. कपात नकोशी आहे हे खरे, पण ऐन संकटात दार बंद नाही हेही खरे.

उरले बारा लाख. घराच्या कामाचे नऊ लाख हे ट्रेझरी बिलांसाठी अगदी योग्य पैसे आहेत, कारण ते कधी लागणार हे आपल्याला ठाऊक आहे. ठेकेदाराशी हप्त्यांच्या तारखा ठरवून घ्याव्यात. पायाड बांधताना तीन लाख, स्लॅब पडल्यावर तीन लाख आणि शेवटच्या कामाला तीन लाख असे ठरले, तर पहिले ९१ दिवसांच्या, दुसरे १८२ दिवसांच्या आणि तिसरे ३६४ दिवसांच्या बिलात घालावेत. बिलाची तारीख हप्त्याच्या तारखेपूर्वी किमान पंधरा दिवस येईल असे पाहावे. शेवटचे तीन लाख जवळच्या चांगल्या बँकेत, हवे तेव्हा काढता येतील असे ठेवावेत. आजारपण तारीख सांगून येत नाही आणि त्या रात्री लिलावाचे वेळापत्रक उपयोगी पडत नाही.

तिमाही उत्पन्न खर्चापेक्षा अधिक झाले आणि शिल्लक पडू लागली, तर पुढे २०२० च्या परिवर्तनशील व्याजदर बचत रोख्यांकडे पाहावे. त्यांचा दर राष्ट्रीय बचत पत्राच्या दरापेक्षा ०.३५ टक्क्याने अधिक असतो, दर सहा महिन्यांनी नव्याने ठरतो आणि कमाल मर्यादा नाही. परंतु मुदत सात वर्षांची आहे आणि आपल्या वयाच्या व्यक्तीला सहा वर्षांपूर्वी पैसे काढता येत नाहीत. ते विकता येत नाहीत आणि गहाणही ठेवता येत नाहीत. म्हणून आजच्या रकमेतून ते घेण्याचा सल्ला मी देणार नाही.

प्रश्न : ट्रेझरी बिलांवर टीडीएस कापला जात नाही, म्हणजे ती करमुक्त आहेत असे समजावे का?

उत्तर : नाही. टीडीएस न कापणे आणि कर न लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर्शनी किंमत आणि खरेदी किंमत यांतील फरक आपल्या उत्पन्नात मिळवला जातो आणि आपल्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसार त्यावर कर बसतो. विवरणपत्रात तो अल्पकालीन भांडवली नफा म्हणून दाखवावा की व्याज म्हणून, याविषयी करसल्लागारांत मतभेद आढळतो. व्यक्तीला लागणारा दर दोन्ही रीतींत तोच असतो. आपल्या सल्लागाराशी बोलून एक रीत ठरवावी आणि दर वर्षी तीच ठेवावी.

टीडीएसची कपात होत नसल्यामुळे कर भरण्याची जबाबदारी सर्वस्वी आपली राहते. वर्षाचा देय कर दहा हजार रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. धंद्याचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना त्यातून सूट आहे. एक फरक बिलांच्या बाजूचा आहे. मुदत ठेवीवर ३१ मार्चपर्यंत साठलेले व्याज हाती आले नसले तरी बँक ते त्या वर्षाचे म्हणून दाखवते, बिलाची कमाई मात्र मुदत संपल्यावर एकदम येते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात घेतलेले ३६४ दिवसांचे बिल पुढच्या एप्रिलमध्ये, म्हणजे नव्या आर्थिक वर्षात परत येते आणि त्यावरील कर त्या वर्षात जातो. निवृत्तीचे वर्ष जवळ आले असेल, उत्पन्नाचा टप्पा उतरणार असेल, तर याचा उपयोग होतो. एरवी केवळ यासाठी बिल घेण्यात अर्थ नाही.

प्रश्न : रिटेल डायरेक्टवर मी तीस वर्षे मुदतीचा सरकारी रोखा घेतला. आता त्याची बाजारातील किंमत मी दिलेल्या पैशांपेक्षा कमी दिसते. सरकारची हमी असताना नुकसान कसे होऊ शकते? मी फसलो का?

उत्तर : आपली फसवणूक झालेली नाही, पण आपल्याला घेताना कोणी पूर्ण सांगितले नाही असे दिसते. सरकारची हमी दोन गोष्टींची आहे : ठरलेले व्याज दर सहा महिन्यांनी देण्याची आणि मुदतीअंती पूर्ण मुद्दल परत करण्याची. मधल्या काळात दुसरा कोणी आपला रोखा किती पैशांना घेईल, याची हमी सरकारने कधीच घेतलेली नाही.

समजा, आपल्या रोख्यावर सात टक्के व्याज आहे आणि तो आपण शंभर रुपयांना घेतला. पुढे बाजारातील दर साडेसात टक्के झाला. आता नवा रोखा साडेसात देत असताना आपला सात टक्क्यांचा रोखा शंभराला कोणी घेणार नाही. हिशेब केला तर त्याची किंमत सुमारे ९४ रुपयांवर येते. दर अर्ध्या टक्क्याने हलला आणि शंभरामागे सहा रुपये गेले. तेवढाच बदल ३६४ दिवसांच्या ट्रेझरी बिलाबाबत झाला, साडेपाचचे सहा टक्के झाले, तर किंमत सुमारे ९४ रुपये ८० पैशांवरून ९४ रुपये ३५ पैशांवर येते, म्हणजे अर्धा रुपयाही कमी होत नाही. कर्जदार दोन्हीकडे तोच आहे. फरक फक्त पैसे परत येण्याच्या तारखेत आहे, आणि तारीख जितकी दूर तितकी किंमत दराच्या प्रत्येक हेलकाव्याने जास्त डोलते. दर उतरले असते तर हाच रोखा आपल्याला वर गेलेला दिसला असता.

तेव्हा आता काय करावे? हे पैसे खरोखर तीस वर्षे नको असतील आणि मिळणारे सहामाही व्याज आपल्याला पुरेसे वाटत असेल, तर रोखा तसाच राहू द्यावा आणि खात्यातील किंमत रोज पाहणे सोडून द्यावे. पण पत्रात पुढे आपण मुलीच्या उच्च शिक्षणाचा उल्लेख केला आहे आणि ते चार वर्षांवर आहे. ते पैसे याच रोख्यात असतील तर ते चुकीच्या जागी आहेत. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी दर कुठे असतील हे कोणालाही सांगता येत नाही आणि तोटा भरून निघण्याची वाट पाहायला शिक्षणसंस्था थांबत नाही. शिक्षणाला लागणारी रक्कम विकून चार वर्षांच्या आसपास मुदत संपणाऱ्या सरकारी रोख्यात किंवा बँकेच्या ठेवीत हलवावी. आज सोसावा लागणारा थोडा तोटा बोचेल, तरी मी तेच सुचवीन. विक्री दुय्यम बाजारात, म्हणजे आधी निघालेले रोखे जेथे गुंतवणूकदार एकमेकांत विकतात तेथे, करावी लागते आणि लहान रकमेला पटकन ग्राहक मिळेलच असे नाही. म्हणून घाई न करता, दोन-तीन दिवस भाव पाहून मगच विक्रीची किंमत टाकावी.

प्रश्न : अडीअडचणीसाठी ठेवलेले पैसे बचत खात्यात राहण्याऐवजी बिलांत किंवा लिक्विड फंडात ठेवले तर?

उत्तर : थोडे तिकडे हलवता येतील, सगळे नाहीत. बिल मुदतीपूर्वी विकता येते हे पुस्तकात खरे आहे, परंतु वर म्हटल्याप्रमाणे दहा-वीस हजारांच्या बिलाला त्याच दिवशी ग्राहक मिळण्याची खात्री नाही. लिक्विड फंड हा म्युच्युअल फंडाचा प्रकार ९१ दिवसांच्या आत मुदत संपणाऱ्या साधनांत पैसे ठेवतो आणि साधारणपणे दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी ते परत देतो, त्यामुळे तो सोयीचा आहे. त्याच्यामागे सरकारची हमी नाही, ठेव विमाही नाही. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पलटन या म्युच्युअल फंड कंपनीने आपल्या सहा कर्जरोखे योजना एकाएकी बंद केल्या, तेव्हा हजारो लोकांचे पैसे अडकले. त्यांत लिक्विड फंड नव्हता, पण फंडाने आत काय घेतले आहे हे न पाहता केवळ दर पाहणाऱ्यांना तो कठोर धडा होता. बिले आणि सरकारी रोखे यांतच पैसे ठेवणारे फंडही आहेत. फंडच घ्यायचा तर त्याची दरमहा प्रसिद्ध होणारी यादी उघडून पाहावी. दोन महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात, त्यापुढील दोन-तीन महिन्यांचा मोडता येणाऱ्या ठेवीत आणि त्याहून अधिक असेल तेवढाच बिलांत किंवा अशा फंडात, असे मी सुचवीन.

प्रश्न : माझ्या पश्चात पत्नीला ही बिले कशी मिळतील? ती संगणक वापरत नाही.

उत्तर : रिटेल डायरेक्टचे खाते एकट्याच्या नावे किंवा दुसऱ्या व्यक्तीसह संयुक्त उघडता येते आणि दोन व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. खाते एकट्याचे असेल तर आजच आत जाऊन नामनिर्देशन भरलेले आहे का ते पाहावे. खातेदार गेल्यानंतर नामनिर्देशित व्यक्तीने मृत्यूचा दाखला आणि हस्तांतराचा अर्ज सादर केला की रोखे तिच्या नावे होतात. पण त्यासाठी असे खाते आहे हे तिला आधी माहीत असायला हवे. ट्रेझरी बिलाची पावती कपाटात नसते, पासबुकही नसते. म्हणून खात्यातील शिलकीचे विवरण दर सहा महिन्यांनी छापून, कोणते बँक खाते त्याला जोडले आहे हे त्यावर लिहून, घरच्या विम्याच्या कागदांच्या धारिकेत ठेवावे आणि ती धारिका पत्नीला दाखवून ठेवावी. पासवर्ड मात्र त्या कागदावर लिहू नये.